वाटा कोणाचा, माप कोणाचे

मराठी कथा-कादंबऱ्यांत घराची वाटणी होते तेव्हा बहुधा तिन्हीसांज झालेली असते. अंगणात मधोमध भिंत उभी राहते, तुळशीवृंदावन कोणाच्या बाजूला गेले ते सांगितले जाते, आणि एखादी म्हातारी दोन्ही दारांकडे पाहत ओसरीवर बसून राहते. हा प्रसंग आपण वर्गात शिकवतो तो 'एकत्र कुटुंबपद्धतीच्या ऱ्हासाचे प्रतीक' म्हणून. उत्तरपत्रिकांतून तो तसाच परत येतो आणि आपण त्याला गुणही देतो. घर का फुटले, शहराने फोडले की शिक्षणाने, थोरल्या सुनेने की धाकट्या, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. झालेली वाटणी न्याय्य होती का, हा साधा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेत क्वचितच विचारला जातो. जणू घर फुटणे हेच इतके मोठे पातक, की त्यानंतर कोणाला काय मिळाले हे पाहणे असभ्यपणाचे ठरावे.

आमचे मत थोडे वेगळे आहे. घर एकत्र असते तेव्हा कोणाला किती मिळते याचा उच्चार होत नाही. ते ताटात वाढले जाते, शिक्षणाला कोणाला पाठवायचे यातून ठरते, कोणाचे आजारपण डॉक्टरपर्यंत पोहोचते आणि कोणाचे काढ्यावर निभावते यातून ठरते. वाटणीच्या दिवशी मात्र प्रत्येकाला आपले माप बोलून दाखवावे लागते. थोरला म्हणतो, मी राबलो. मधला म्हणतो, माझ्या घरात खाणारी तोंडे जास्त. धाकटा म्हणतो, सगळ्यांना सारखे. घर मोडण्याचा हा दिवस असेलही. पण त्या घरात न्यायाची भाषा पहिल्यांदा ऐकू येते तीही त्याच दिवशी. तेव्हा तिथे थांबून ऐकायला हवे, असे आम्हाला वाटते.

श्रम, गरज आणि समता ही तीन मापे तत्त्वज्ञांनाही परिचित आहेत. अमर्त्य सेन यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या ग्रंथाच्या आरंभीच एक बासरी आणि तीन मुले आणली आहेत. एकाच मुलीला बासरी वाजवता येते, एका मुलाजवळ दुसरे कोणतेच खेळणे नाही, आणि तिसरीने ती बासरी स्वतः मेहनतीने बनवली आहे. बासरी कोणाला द्यावी? तिघांचीही बाजू खरी वाटते आणि तिन्हींना एकाच वेळी न्याय देता येत नाही. सेन यांना दाखवायचे ते एवढेच की निःपक्षपाती माणसेही येथे वेगवेगळ्या उत्तरांवर पोहोचू शकतात.

सामान्य माणसे अशा वेळी खरोखर काय करतात, याचा शोध त्याआधी पाव शतक जेरुसलेममध्ये घेतला गेला होता. मेनाहेम यारी आणि माया बार-हिलेल या दोघांनी हिब्रू विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या तरुणांना एक कोडे घातले. त्यावरचा त्यांचा लेख १९८४ साली प्रसिद्ध झाला. बारा ग्रेपफ्रूट (आपल्या पपनसाच्या कुळातले फळ) आणि बारा ॲव्होकाडो दोन माणसांत वाटायचे आहेत. दोघांनाही एका जीवनसत्त्वासाठीच ही फळे हवी आहेत. पहिल्याच्या शरीराला एका ग्रेपफ्रूटमधून १०० मिलिग्रॅम मिळतात, ॲव्होकाडोतून काहीच मिळत नाही. दुसऱ्याला दोन्ही फळांतून प्रत्येकी ५० मिळतात. वाटणी कशी कराल? दहांतल्या आठांनी सांगितले की पहिल्याला आठ ग्रेपफ्रूट द्यावेत. उरलेले चार आणि सगळे ॲव्होकाडो दुसऱ्याला. फळांची संख्या आठ आणि सोळा, उघडउघड असमान. पण हिशेब केला की दोघांच्याही शरीरात ८०० मिलिग्रॅम जातात. निम्मी-निम्मी फळे वाटणारे अगदी थोडे निघाले. म्हणजे 'सारखे' या शब्दाचा अर्थ लोकांनी डोळ्यांना दिसणाऱ्या ढिगावरून काढला नाही.

आमचे खरे कुतूहल याच्या पुढे जागे होते. हेच आकडे ठेवून दुसऱ्या गटाला सांगितले गेले की प्रश्न गरजेचा नसून आवडीचा आहे: पहिल्याला ग्रेपफ्रूट आवडतात आणि ॲव्होकाडो मुळीच आवडत नाहीत, दुसऱ्याला दोन्ही सारखीच आवडतात. गणित काडीइतकेही बदलले नव्हते, तरी त्या आठ-चारच्या वाटणीचा पाठिंबा ओसरला. सगळे ग्रेपफ्रूट पहिल्याला आणि सगळे ॲव्होकाडो दुसऱ्याला, अशी सरळ देवाणघेवाणीची वाटणी पुष्कळांना बरी वाटू लागली. आणखी एका रूपात गरज कायम ठेवून दुसऱ्या माणसाची पचनशक्ती आणखी कमी केली. आता दोघांना सारखे जीवनसत्त्व मिळावे तर त्याला बरीच जास्त फळे द्यावी लागणार होती. येथे आधीचा एकमुखीपणा राहिला नाही. दुबळ्याची गरज भागवावी हे सर्वांना मान्य होते. ती भागवणे महाग पडू लागल्यावर अनेकांचे हात आखडले. यात कोणी लबाडी केली असे आम्हाला वाटत नाही. न्यायाची जाणीव आकड्यांवर काम करत नाही, त्या आकड्यांभोवती जी गोष्ट सांगितली जाते तिच्यावर करते. आवड म्हटले की माणूस बाजारात उभा राहतो, गरज म्हटले की स्वयंपाकघरात. साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे आश्चर्य वाटू नये.

आता पुन्हा गावाकडे येऊ. आपल्याकडील शेतवाटणीचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला असेल त्यांना माहीत आहे की माप एक होत नाही असे दिसले की पंच मापाचा वाद सोडून रीतीकडे वळतात. काळीचा आणि मुरमाडाचा असे दोन सरळ भाग न करता प्रत्येक शेताचे लांबीच्या बाजूने पट्टे पाडले जातात. विहिरीकडचे टोक प्रत्येकाला थोडे आणि माळाकडचेही थोडे. शेती त्याने अडचणीची होते, बांधांत जमीन जाते, पण तक्रार कमी होते. विहिरीचे पाणी पाळ्यांनी वाटले जाते. अनेक घरांत थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा असा रिवाज असतो; त्यामुळे वाटे करणारा डोळ्यांत तेल घालून करतो. नाहीतर चिठ्ठ्या. त्या उचलायला घरातले लहान पोर बोलावले जाते, कारण त्याला कोणाचा पक्ष नसतो. (आई-वडिलांचीही वाटणी याच धर्तीवर होते. महिनाभर एकाकडे, महिनाभर दुसऱ्याकडे. एकतीस दिवसांचा महिना कोणाच्या वाट्याला आला यावरून कुरबुर झालेली ऐकली नसेल असा वाचक विरळा.) या रीती शहाणपणाच्या आहेत. 'कोणाला किती' यावर एकमत होत नसेल तर 'कसे वाटायचे' यावर तरी व्हावे, हे तत्त्व आधुनिक न्यायविचाराने नंतर मोठ्या कौतुकाने मांडले. आपल्या पंचांना ते मांडण्याची गरज वाटली नाही इतकेच.

आमची हरकत आहे ती याच्या अलीकडच्या पायरीला. चिठ्ठी निःपक्षपाती असते ती ज्यांची नावे चिठ्ठ्यांवर आहेत त्यांच्यापुरती. वाटे चार करायचे की सात, हे पोराला बोलावण्याआधीच ठरलेले असते. सेन यांच्या कथेतली तिन्ही मुले पंचासमोर येऊन बोलतात तरी. वाटणीच्या बैठकीपर्यंत जे पोहोचतच नाहीत, त्यांच्यापुरती तिथली सगळी काटेकोर समता निरर्थक असते.

याबाबत विज्ञानेश्वराचा दाखला फार बोलका आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली आणि पुढे महाराष्ट्रासह बहुतेक भारताचा वारसाविचार तिच्यावर उभा राहिला. मनुस्मृतीत थोरल्या मुलासाठी विसावा हिस्सा आणि उत्तम वस्तू वेगळी काढण्याची तरतूद होती. विज्ञानेश्वर ती नाकारत नाही. अशी विषम वाटणी शास्त्रात आहे हे तो कबूल करतो आणि पुढे म्हणतो की ती लोकांना नकोशी झाली आहे, म्हणून करू नये. एका धर्मशास्त्रकाराने शास्त्रवचन बाजूला ठेवताना लोकांच्या न्यायबुद्धीचा आधार घ्यावा, ही लहान गोष्ट नव्हे. शास्त्राला स्थितिशीलतेचे दुसरे नाव मानणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य वाचावे.

पण ज्यांना ते नकोसे झाले ते 'लोक' कोण? धाकटे भाऊ, हे उघड आहे. त्यांची नापसंती शास्त्राला हलवू शकली. याच ग्रंथात अविवाहित बहिणींविषयीही विवेचन आहे. त्यांना वडिलोपार्जित द्रव्यातून हिस्सा मिळायला हवा, आणि तो म्हणजे लग्नापुरता खर्च नव्हे तर मुलाला मिळाला असता त्याच्या चौथाईइतका खराखुरा वाटा, असा विज्ञानेश्वराचा आग्रह आहे. व्यवहाराने त्याचा पहिला निर्णय उचलला आणि दुसरा लग्नखर्चात जिरवून टाकला. बहिणींची नापसंती 'लोकां'च्या नापसंतीत धरली गेली नाही.

कायद्याला ती धरायला १९९४ साल उजाडले. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्माने सहदायाद केले; मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. एकाच घरातल्या दोन बहिणी डोळ्यांसमोर आणा. एकीचे लग्न त्या मे महिन्यात झाले, दुसरीचे पुढच्या वर्षी. पहिलीला वाटा नाही, दुसरीला आहे, आणि फरक काय तर मुहूर्ताचा. ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली, आणि ती दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. कागदावर आता शंकेला जागा उरलेली नाही.

आणि तरीही हक्कसोडपत्रे होत राहतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहीण येते, फोटो काढते, अंगठा देते, आणि 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' असा मजकूर असलेल्या कागदावर सही करते. संध्याकाळी तिला साडीचोळी होते. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी या 'राजीखुशीने' शब्दाकडे एकदा तरी नीट पाहावे, अशी आमची विनंती आहे. इतके काही सांगणारा आणि इतके काही झाकणारा दुसरा शब्द आमच्या वाचनात नाही.

बहिणीला न्याय कळत नाही म्हणून ती सही करते, असे म्हणण्याचा मोह अनेक सुशिक्षितांना होतो. आम्ही तो टाळू इच्छितो. तिला विचारले तर ती बहुधा म्हणते की माझ्या लग्नात झाले सगळे. तिच्या हिशेबात दिवाळी-भाऊबीज असते, पहिले बाळंतपण असते, उद्या सासरी काही बिनसले तर उघडे राहील असे एक दार असते. हा रकाना कायद्याच्या तक्त्यात नाही, पण तिच्यासाठी तो खरा आहे आणि त्याची किंमत तिने जमिनीत मोजली आहे. येथे जेरुसलेमची ती फळे पुन्हा आठवतात. भावाच्या तोंडी 'जमीन कसणाऱ्याची' ही श्रमाची गोष्ट असते, बहिणीच्या तोंडी नात्याची, आणि दोघेही आपापल्या गोष्टीत प्रामाणिक असू शकतात. अन्याय आहे तो दुसऱ्या ठिकाणी. बहिणीने दिलेले लगेच नोंदले जाते, सातबाऱ्यावरून तिचे नाव उतरते. तिला मिळायचे ते मात्र कोठेच नोंदलेले नसते आणि भावाच्या, खरे तर भावजयीच्या, मर्जीवर राहते.

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) आम्ही या अंगाने पुन्हा वाचले. धरणगावच्या देशपांड्यांच्या त्या वाड्याविषयी, सरंजामी व्यवस्थेच्या अस्ताविषयी, दारातल्या ट्रॅक्टरविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात चुकीचे काही नाही. पण भास्कर आणि सुधीर या दोन भावांमध्ये जे बोलले जाते तेवढ्यालाच आपण वाटणीचा प्रश्न समजतो. चंदू राबतो, त्याचे राबणे कोणी श्रमाच्या मापात घालत नाही. प्रभाला शिकायचे होते, तिला शिकू दिले गेले नाही. तिचा वाटा जमिनीच्या किंवा दागिन्यांच्या रूपात कधी नव्हताच. तो काही वर्षांच्या कॉलेजशिक्षणाच्या रूपात होता आणि वाड्याच्या भरभराटीची सावली अजून असतानाच तो नाकारला गेला. वाडा पडण्याआधी झालेली ही वाटणी आहे. नाटककाराने ती दाखवली आहे. ऱ्हासाच्या शोकात आम्ही समीक्षकांनी ती मोजली नाही.

मोजण्याचे एकक बदलले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच मातीत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग केले, आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना उभी राहिली. तिचे नियम थोडे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणशी वाटायचे: दरडोई अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनीच आधी उभा करायचा.

नीट पाहिले तर वाटणीच्या बैठकीतले तिन्ही भाऊ या नियमांत सापडतात. माणशी सारखे, ही समता. खाणारी तोंडे जास्त तर पाणी जास्त, ही गरज. पण तिला अडीच एकरांची मर्यादा. आधी पैसे भरा, ही श्रमाची आणि सहभागाची अट. उसाला मनाई नसती तर बाकीची समता दोन हंगामांत वाहून गेली असती, कारण एकाच्या उसाने दहांची ज्वारी पिते. मात्र आमच्या मते या योजनेतली क्रांतिकारक गोष्ट भूमिहीनाची आहे. शेताला पाणी वाटायचे म्हटले की भूमिहीन आपोआप हिशेबाबाहेर जातो. त्याला कोणी वगळावे लागत नाही. माणसाला पाणी वाटायचे म्हटले की तो आपोआप आत येतो. दोन्ही वाटण्या आपापल्या जागी 'प्रमाणशीर' आहेत आणि दोन्हींत कोणी कोणाला फसवत नाही. फरक पडतो तो वाक्याच्या चतुर्थीत.

हे मान्य करणे मोठ्या शेतकऱ्याला जड जाते, आणि त्याचे म्हणणे निव्वळ स्वार्थाचे म्हणून उडवून लावता येणार नाही. जमीन त्याने विकत घेतलेली असू शकते, कर्ज त्याच्या डोक्यावर असते, आणि पाण्याशिवाय जमीन हे त्याच्या दृष्टीने अर्धेच विधान आहे. राज्याच्या जलसंपत्ती नियमन कायद्याने (२००५) टंचाईच्या काळात खोऱ्यातले पाणी सर्वांना न्यायाने वाटण्याचे तत्त्व स्वीकारले. तेव्हापासून 'समन्यायी' हा शब्द रुळला. (शब्द चांगला आहे, 'समान' आणि 'न्याय्य' यांतला झगडा न मिटवता त्याने दोघांना एका घरात नांदवले आहे.) गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणे आणि खाली जायकवाडी, यांच्यातला वाद याच शब्दाच्या अर्थावर फिरतो. पाऊस आमच्या डोंगरावर पडतो, हे एक माप. तहान आमच्याकडे जास्त आहे, हे दुसरे. अजून कोणी कोणाला चिठ्ठ्या टाकायला सांगितलेले नाही.

वाटणीच्या कथांची आपली आद्यकथा महाभारत आहे, आणि तिथेही आपण थोडे घाईने वाचतो असे आम्हाला वाटते. धृतराष्ट्राने पांडवांना अर्धे राज्य दिले. प्रमाण निर्दोष, दिलेले खांडवप्रस्थ मात्र रान. या कपटावर कीर्तनकारापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांनी बोट ठेवले आहे. पुढे ते रान जाळले गेले. त्यात राहणारे नाग, पशू, पक्षी यांना कुरू आणि पांडव या दोघांच्याही हिशेबात जागा नव्हती; ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्या धाकट्या पातीनेच आपला वाटा मोकळा करताना त्यांना आगीत ढकलले. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) या दहनाकडे बळींच्या बाजूने पाहिले, आणि त्या निबंधाने अनेकांना अस्वस्थ केले. आम्हाला तो निबंध वाटणीविषयीचा म्हणून वाचावासा वाटतो.

गेल्या वर्षी एक ग्रामीण कथा शिकवताना आम्ही वर्गाला नेहमीचा प्रश्न न विचारता वेगळा विचारला: वाटणीच्या बैठकीत कोण कोण आहे त्यांची यादी करा, आणि घरात असून बैठकीत कोण नाही त्यांची वेगळी. मुलांनी भराभर नावे काढली. तीन भाऊ, मामा, सरपंच, तलाठी. दुसऱ्या यादीत आई, दोन सुना आणि सालगडी. मागच्या बाकावरची एक मुलगी पुस्तकात काहीतरी शोधत होती. तिने विचारले, बैठकीत मध्येच चहा आला असे एक वाक्य आहे, तो आणणारी कोण? आम्ही ती कथा दहा वर्षे शिकवत होतो. पान उघडून पाहिले. चहा आला होता, कोणी आणला ते लिहिलेले नव्हते. सुना तर त्या दिवशी माहेरी गेल्या आहेत असे आधीच्या पानावर होते. त्या घराला एक बहीण असली पाहिजे, असे ती मुलगी म्हणाली, आणि तिने दुसऱ्या यादीत एक ओळ रिकामी सोडली.